नट गेला की भूमिकाही गेली का? (टचाला, लक्ष्या आणि आमच्या घरातलं रविवारचं भांडण)

इंदिरानगरकर (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न सिनेमाचाच आहे पण रविवारी आमच्याकडे जेवताना त्यावरून एवढं वाजलं की म्हटलं इथे टाकू, बघू बाकीचे काय म्हणतात.

झालं काय, माझा भाचा अकरावीला आहे, कॉलेज रोडला क्लास आहे म्हणून आमच्याकडेच राहतो. त्याने परत एकदा ब्लॅक पँथरचा दुसरा भाग लावला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, २०१८ च्या पहिल्या भागात चॅडविक बोसमन हा नट वाकांडा ह्या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टचाला झाला होता. त्याला २०१६ मध्येच आतड्याचा कॅन्सर निघाला होता, बाहेर कुणाला पत्ता नाही, ऑपरेशनं आणि किमो चालू असताना गडी मारामारीचे सीन करत राहिला आणि २८ ऑगस्ट २०२० ला गेला, वय फक्त ४३. मग कंपनीने ठरवलं की टचाला दुसऱ्या कुणाला द्यायचाच नाही. २०२२ च्या भागात सुरुवातीलाच राजा आजारपणात जातो, सगळी नगरी पांढऱ्या कपड्यात त्याला निरोप देते आणि पुढे त्याची बहीण शुरी तो वारसा घेते.

भाच्याचं म्हणणं, हे चुकलं. तो म्हणतो मामा, बाँड किती जण झाले, बॅटमन किती जण झाले, मग नेमका हाच राजा का मारला? सगळे मिळून चार सिनेमांत दिसला तो, त्याच्या अजून कितीतरी गोष्टी कॉमिक्समध्ये पडून आहेत, आणि काळ्या पोरांना इतक्या वर्षांनी मिळालेला एवढा मोठा हिरो नटाबरोबर पुरून टाकला. (बोसमनच्या भावाचंही मत होतं की चॅडविकला स्वतःला भूमिका पुढे चालू राहिलेली आवडली असती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.)

माझं मत उलट. तो सीन बघताना मला राजा गेला असं वाटतच नव्हतं, तो माणूस गेला असं वाटत होतं, आणि तिथे दोन वर्षांनी दुसरा कोणी तोच सूट घालून "मी टचाला" म्हणत उभा राहिला असता तर मला नसतं बघवलं. मला लगेच लक्ष्या आठवला. १६ डिसेंबर २००४, मी बारावीला होतो, टीव्हीवर बातमी आली आणि आमच्या कॉलनीत त्या संध्याकाळी कुणी मोठ्याने बोलेना. आता अशी ही बनवाबनवीचा पुढचा भाग काढून परशा म्हणून कुणी नवीन पोरगा आणला तर मी तिकीट काढणार नाही, कितीही चांगलं काम करू दे.

तर बाबा (७१ वर्षांचे, नाटकवेडे) वरण वाढून घेता घेता म्हणाले, "मग नटसम्राट डॉ. लागूंनंतर बंद करायला हवं होतं का?" आणि गंमत बघा, बाबांनी लागूंचा प्रयोग बघितलेलाच नाही, त्यांनी तरुणपणी दत्ता भटांचा बघितला, आणि त्यांच्यासाठी अप्पासाहेब बेलवलकर म्हणजे दत्ता भटच, दुसरा कुणी नाही. ह्यावर मला काही बोलता आलं नाही.

तर विचारतोय, तुमच्या मते हे कधी चालतं आणि कधी नाही? नाटकात चालतं आणि सिनेमात का खुपतं? मनापासून सांगा, कारण पुढच्या रविवारी परत हाच विषय निघणार हे नक्की.

---

जुनी_तिकिटं

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, मुद्दा एकदम बरोबर काढलाय. आणि नाशिकच्या माणसांनी तर ह्या विषयावर हक्काने बोलावं, कारण महाराष्ट्राने ज्या भूमिका डोक्यावर घेतल्या त्यातल्या किती आपल्याच गावात कागदावर उतरल्यात बघा. अप्पासाहेब बेलवलकर शिरवाडकरांचे. लाल्या कानेटकरांचा, रायगडाला जेव्हा जाग येते मधला संभाजी कानेटकरांचा, इथे ओशाळला मृत्यूतला औरंगजेबही त्यांचाच. कानेटकर सर इथल्या एचपीटी कॉलेजला शिकवायचे, माझे थोरले काका त्यांच्या वर्गात होते.

आता लाल्याचं बघा. अश्रूंची झाली फुले १९६६ चं, डॉ. काशिनाथ घाणेकरांनी लाल्या असा काही केला की लोक नाटक नाही तर घाणेकर बघायला यायचे. १९८६ ला अमरावतीला दौऱ्यावर असताना ते गेले. लाल्या संपला का? नाही. रमेश भाटकरांनी केला, अलीकडे सुबोध भावेने केला, आणि गंमत म्हणजे सुबोधने आधी २०१८ ला सिनेमात घाणेकरच केले आणि मग स्टेजवर लाल्या केला. लोकांनी तुलना केली नाही का, केली ना, भरपूर केली, इंटरव्हलला चहाच्या स्टॉलवर दुसरा विषयच नसतो. पण ती तुलना म्हणजेच तर नाटक जिवंत असल्याची खूण ना.

अजून मागे जा. सौभद्रात सुभद्रा करायचे भाऊराव कोल्हटकर, १९०१ ला ते गेले तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळी आता बुडाली असंच लोकांना वाटलं होतं, मग चार वर्षांनी बालगंधर्व आले. भाऊरावांनंतर सुभद्रेला कुलूप लावलं असतं तर बालगंधर्वांची सुभद्रा कुठून दिसली असती आपल्याला?

मोरूची मावशी घ्या. विजय चव्हाणांनी ती मावशी अशी नाचवली की आमच्या पिढीला वाटायचं अत्र्यांनी हे त्यांच्यासाठीच लिहिलंय. पण नाटक त्यांच्या कितीतरी आधीचं. नंतर भरत जाधवनेही मावशी केली. साडी कुणाच्या बापाची नाही हो.

सिनेमात का खुपतं ह्याचं मला वाटणारं कारण साधं आहे. नाटकातला नट गेला की त्याच्याबरोबर त्याचे प्रयोगही जातात, जागा खरोखर रिकामी होते, म्हणून दुसरा येऊन उभा राहिला तरी तो कुणाला ढकलत नाही. सिनेमातला नट जातच नाही. लक्ष्या आज संध्याकाळी पण कुठल्यातरी चॅनलवर असेल, तिशीतलाच, तितकाच टवटवीत. तो जिथे बसलाय तिथेच दुसऱ्याला बसवायचं म्हणजे गर्दी होते.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

मी थोडक्यात सांगतो. नाही म्हणजे नाही. अमजद खान १९९२ ला गेले, २००७ ला शोले परत करायला घेतला, गब्बरच्या जागी साक्षात अमिताभ उभा केला, नाव बदलून बब्बन ठेवलं. अमिताभपेक्षा मोठा नट कुठून आणणार होतात? तरी पडला ना तोंडावर. काही गोष्टींना हात लावू नये.

लक्ष्याला तर नाहीच नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर आजी होत्या, ऐकू कमी यायचं त्यांना, तरी लक्ष्याचा सिनेमा लागला की ओट्यावरून उठून टीव्हीसमोर यायच्या आणि नुसतं त्याचं तोंड बघून हसायच्या. ते तोंड कुठून आणणार?

---

सिडकोचा_सिनेमावाला

द्राक्षबाग दादा, शोलेचं उदाहरण इथे बसत नाही असं मला वाटतं, तो सिनेमा मुळातच वाईट होता म्हणून पडला, गब्बर बदलला म्हणून नाही. चांगला केला असता तर? देवदासच बघा, सैगल १९३५ ला, दिलीपकुमार १९५५ ला, शाहरुख २००२ ला. सैगल १९४७ लाच गेले होते, म्हणून दिलीपकुमारने करायचा नाही?

मी भाच्याच्या बाजूने आहे. डंबलडोर आठवा. पहिल्या दोन हॅरी पॉटरमध्ये रिचर्ड हॅरिस होते, २००२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, दुसरा भाग लागायच्या थोडं आधी. तिसऱ्यापासून मायकेल गॅम्बन आले. त्यांनी हॅरिसची नक्कल केलीच नाही, हॅरिसचा म्हातारा शांत, हळू बोलणारा, आणि गॅम्बनचा तडफदार. मी लहान होतो, पहिल्यांदा चिडलो होतो, हा कोण म्हणून, आणि सहाव्या भागाच्या शेवटी त्याच माणसासाठी रडलो. आता मला सांगा तिथे डंबलडोरला दुसऱ्याच भागात मारून टाकलं असतं तर पुढची गोष्ट कशी होणार होती? जिथे गोष्ट अजून सांगून व्हायचीये तिथे भूमिका चालू ठेवायलाच पाहिजे.

टीव्हीवर तर आपण हे रोज बघतो. तारक मेहतामधले डॉ. हाथी, कवी कुमार आझाद २०१८ ला गेले आणि मग निर्मल सोनी परत आले, जे सुरुवातीला हाथी करायचेच. नट्टू काका म्हणजे घनश्याम नायक २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, ती जागा काही महिने रिकामी ठेवली आणि मग किरण भट्ट आले. माझी आई पहिल्या आठवड्यात म्हणाली "हे नाही आपले नट्टू काका", आणि महिन्याभराने तीच नवीन काकांवर हसत होती. जुन्या काकांना ती विसरली असं नाही हं, अजून जुना एपिसोड लागला की "बिचारे" म्हणते. म्हणजे दोन्ही मावतात माणसाच्या मनात, आपणच उगाच एकच खुर्ची ठेवतो.

आणि टचालाचं दुःख मला वेगळं वाटतं. आपल्याकडे हिरोंना कमी नाही, एक गेला तर दहा आहेत. तिकडच्या काळ्या पोरांकडे तसा एक होता. त्या पोरांनी इंटरनेटवर अर्ज केले, सह्या गोळा केल्या की राजा आम्हाला परत द्या म्हणून, ते बोसमनवर प्रेम कमी होतं म्हणून केलं नाही.

---

गोदाकाठची

सगळ्यांचं वाचतेय, छान चाललंय.

मला दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे विष्णुपंत पागनीस. प्रभातचा संत तुकाराम १९३६ चा, मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, व्हेनिसला गाजला. पागनीस मूळचे संगीत नाटकात स्त्रीभूमिका करणारे, पण तुकाराम असे झाले की कित्येक घरांत तुकोबांचा म्हणून जो फोटो लागला तो पागनीसांचाच चेहरा. माझ्या आजेसासूबाईंच्या देवघरात होता, त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं की तो नटाचा फोटो आहे, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. पागनीस १९४३ ला गेले. २०१२ ला जितेंद्र जोशीने तुकाराम केला तेव्हा मी आईला घेऊन गेले होते, आई जाताना कुरकुरत होती की पागनीसांनंतर कशाला, आणि इंद्रायणीत गाथा बुडवायच्या प्रसंगाला तिने माझा हात धरला तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. म्हणजे मधे ७६ वर्षं गेली होती. मला वाटतं काळ हा ह्यातला मोठा भाग आहे. दोन वर्षांनी जे टोचतं ते वीस वर्षांनी टोचत नाही, पन्नास वर्षांनी तर कौतुक वाटतं. पण संत आणि राजे ह्यांची गोष्टच निराळी म्हणा, शिवाजी महाराज किती जणांनी केले, कुणी म्हणत नाही की अमक्यानंतर बंद करा, कारण महाराज आधीपासून आपले आहेत, नट नंतर येतो. आपल्या गांधीनगरच्या रामलीलेत यंदा राम कोण हे बघायला कुणी जात नाही, राम बघायला जातात. लक्ष्याचं उलटं आहे, तिथे आधी लक्ष्या आपला आहे, मग परशा.

दुसरं, कट्यार काळजात घुसली. १९६७ चं नाटक, खाँसाहेब वसंतराव देशपांड्यांचे. वसंतराव १९८३ ला गेले तेव्हा त्यांचा नातू राहुल अगदी लहान होता. पुढे त्याच नातवाने स्टेजवर खाँसाहेब केले, आणि २०१५ च्या सिनेमात सचिन पिळगांवकरांनी. आता नातू आहे म्हणून लोकांनी लगेच घेतलं का, तर नाही, उलट नातवाला जास्त कसून ऐकलं असेल, कारण ज्यांनी वसंतराव ऐकलेत ते लोक समोरच्या रांगेतच बसलेले असतात. रक्ताचं नातं आहे म्हणून भूमिका मिळू नये, पण कुणी त्या घरातला माणूस मनापासून ते ओझं उचलत असेल तर बघायला वेगळंच वाटतं हेही खरं.

इंदिरानगरकर दादा, तुमच्या बाबांना विचारा ना, दत्ता भटांचा प्रयोग त्यांनी नाशकात बघितला का? कुठे? ऐकायला आवडेल.

---

इंदिरानगरकर (नाशिक)

ताई विचारलं. नाशकात नाही, पुण्याला, कंपनीच्या ट्रेनिंगला गेले होते तेव्हा. शेवटच्या बसची वेळ टळून गेली म्हणून दोघं मित्र चालत रूमवर आले आणि वाटेत कुणी एक शब्द बोललं नाही म्हणे. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं, तुमच्यामुळे कळलं.

आणि एक, झपाटलेलाचं लिहायचं राहिलंच. १९९३ च्या पहिल्या भागात लक्ष्या होता, आणि २०१३ ला दुसरा भाग आला तेव्हा लक्ष्या नव्हता, तर त्यांनी दुसरा लक्ष्या आणला नाही, लक्ष्याचा मुलगा दाखवला, आदिनाथ कोठारेने केला तो. बाहुला तोच, तात्या विंचू तोच, घर पुढे सरकलेलं. म्हणजे वाकांडावाल्यांनी २०२२ ला जे केलं, बहिणीकडे वारसा आणि शेवटी राजाचा छोटा मुलगा, ते आपल्याकडे नऊ वर्षं आधीच करून झालेलं! भाच्याला सांगितलं तर म्हणे हो पण मला राजाच हवा होता.

---

कट_टू_कट

मी व्हिडीओ एडिटिंगचं काम करतो, लग्नाचे सिनेमे ते जाहिराती सगळं, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने लिहितो. आता प्रश्न "दुसरा नट घ्यायचा की नाही" एवढाच राहिलेला नाहीये, आता तिसरा रस्ता आलाय आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

पीटर कुशिंग १९९४ ला गेले आणि २०१६ च्या रोग वन ह्या स्टार वॉर्सच्या सिनेमात परत दिसले, अंग दुसऱ्या नटाचं आणि वर चेहरा कॉम्प्युटरने बसवलेला. पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला अपघातात गेला, फास्ट अँड फ्युरिअसचा सातवा भाग अर्धवट होता, त्याचे दोन सख्खे भाऊ उभे केले आणि त्यांच्यावर पॉलचा चेहरा चढवून सिनेमा पूर्ण केला, शेवटी दोन गाड्या दोन रस्त्यांना लागतात तो सीन अजून बघवत नाही. तिथे निदान अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं होतं, भाऊ होते, निरोप होता. मला ते पटलं.

आपल्याकडे ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० ला गेले आणि शर्माजी नमकीन अर्धवट होता. त्यांनी काय केलं, राहिलेले सीन परेश रावलनी केले. एकाच सिनेमात एकच शर्माजी, एका सीनमध्ये ऋषी कपूर आणि पुढच्या सीनमध्ये परेश रावल. सुरुवातीलाच रणबीर येऊन सरळ सांगतो की असं असं झालंय, समजून घ्या. एडिटर म्हणून मला धाकधूक होती की हे जुळणार कसं, चाल वेगळी, आवाज वेगळा, उंची वेगळी. आणि पंधरा मिनिटांत मी विसरलो, शर्माजी काय रांधतोय तेवढंच बघत होतो. लोकांना खरं सांगितलं की लोक समजून घेतात, हे मी तिथे शिकलो. चेहरा चिकटवला असता तर मी अख्खा सिनेमा हनुवटीजवळचा जोड शोधत बसलो असतो.

आता एआयने तर आवाजही परत येतो. २०२४ ला रहमाननी लाल सलाममधल्या गाण्यात दोन गेलेल्या गायकांचे आवाज वापरले, पण घरच्यांची परवानगी घेऊन आणि त्यांना पैसे देऊन, आणि तसं जाहीर सांगूनही टाकलं. तरी माझा जीव खालीवर होतो. घरचे हो म्हणतील, पण त्या माणसाला विचारलंच नाही ना कुणी. २०२३ ला हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवस संप केला त्यात हाही एक मोठा मुद्दा होता, आमचा डिजिटल पुतळा आमच्या संमतीशिवाय नाचवायचा नाही.

लक्ष्याचा विनोद हा वेळेचा विनोद होता, एक श्वास उशिरा बोलायचा आणि डोळे आधी बोलायचे. तो श्वास कुठे घ्यायचा हे मशीनला चेहऱ्यावरून नाही कळणार, कारण तो श्वास समोर अशोक मामा काय करतायत त्यावरून ठरायचा. म्हणून मला विचाराल तर नवीन नट घ्या, त्याला त्याचं काम करू द्या, आवडलं तर टाळ्या, नाही तर नाही. पण मेलेल्या माणसाकडून फुकटात काम करून घेऊ नका.

---

विंगेतला

दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. मी सिनेमातला नाही, हौशी नाटकवाला, दिवसा अंबडला नोकरी आणि रात्री तालीम. पण ह्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला मी उभा राहिलोय म्हणून लिहितो, म्हणजे ज्याला ती जागा घ्यावी लागते त्याच्या.

काही वर्षांपूर्वी राज्य नाट्य स्पर्धेला आमची एन्ट्री होती. संहिता आमच्याच ग्रुपमधल्या एकाने लिहिलेली, दोन अंकी, त्यात एका रिटायर पोस्टमनची मुख्य भूमिका. ती माझा मित्र करत होता. तिशीतला पोरगा पण साठीचा म्हातारा असा करायचा की तालमीला चहा घेऊन येणारा पोऱ्या त्याला काका म्हणायला लागला होता. प्रयोगाच्या अकरा दिवस आधी सेकंड शिफ्ट संपवून घरी येताना हायवेला त्याचा अपघात झाला आणि तो गेला.

एन्ट्री मागे घ्यायची असंच सगळ्यांचं मत होतं. चौथ्या दिवशी त्याचे वडील स्वतः तालमीच्या हॉलवर आले आणि म्हणाले, नाटक करा, त्याने दोन महिने घरात दुसरं काही बोललं नाहीये. मी त्या नाटकात शेजाऱ्याची छोटी भूमिका करत होतो आणि सगळ्या तालमींना हजर असल्यामुळे मला सगळ्यांचंच पाठ होतं, म्हणून माझ्यावर आलं.

पहिल्या तालमीला मी काय केलं असेल तर त्याचीच कॉपी. त्याचा तो खोकला, चष्मा पुसताना थांबायची त्याची जागा, सगळं जसंच्या तसं. मला वाटत होतं की हाच त्याचा मान. तर मुलीचं काम करणारी आमची मैत्रीण दुसऱ्याच पानावर थांबली, तिला क्यू असून वाक्य बोलता येईना, म्हणाली मला तू दिसत नाहीयेस आणि तोही दिसत नाहीये, मी कुणाशी बोलू? तालीम तिथेच थांबली. कुणी रडलं नाही, पण कुणी कुणाकडे बघतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने एकच बदल केला. पोस्टमनची पहिली एन्ट्री उजव्या विंगेतून होती, ती डावीकडून केली. आम्हाला कळेना हे कशाला, लाइट्स बसवलेत, ब्लॉकिंग झालंय, आठवडा राहिलाय. तो म्हणाला, उजवीकडे बघितलं की सगळ्यांना तोच दिसतोय, त्याला तिथेच राहू दे, तू दुसरीकडून ये. आणि चष्मा काढून टाकला, माझ्या हातात काठी दिली. त्या एका बदलाने नाटक हललं. समोरचे माझ्याकडे बघून बोलायला लागले, कारण माझ्या बाजूला बघताना त्यांना कुणाची आठवण पुसावी लागत नव्हती.

म्हणून डंबलडोरचं जे वर लिहिलंय ते मला आतून पटतं, हॅरिससारखं करायचंच नाही असं गॅम्बननी ठरवलं असेल तर ते फार बरोबर ठरवलं. भूमिका घ्यावी, जागा घेऊ नये. आणि वाकांडावाल्यांचंही मला पटतं, कारण त्यांच्या युनिटमधल्या लोकांना बोसमन जाऊन वर्ष होत नाही तोच परत त्याच सेटवर उभं राहायचं होतं, बहीण झालेल्या पोरीला, आई झालेल्या बाईला. आपण प्रेक्षक म्हणून बोलतो राजा हवा होता, पण त्या पोरीने नवीन माणसाच्या डोळ्यात बघून "दादा" कसं म्हणायचं? आमच्या मैत्रिणीला एक वाक्य बोलता येत नव्हतं, तिथे तर अख्खा सिनेमा होता. दहा वर्षांनी नवीन नट, नवीन माणसं घेऊन टचाला करा की, माझी काही हरकत नाही. पण ज्यांच्या हातून तो गेलाय त्यांच्याकडूनच लगेच करून घेऊ नका.

प्रयोग झाला. बक्षीस वगैरे नाही, पण प्रयोग झाला.

---

सिडकोचा_सिनेमावाला

विंगेतला दादा, हे वाचून गप्प झालो. समोरच्या नटांचा विचार मी केलाच नव्हता, मी फक्त खुर्चीत बसून बघणाऱ्याचा विचार करत होतो. तरी माझं मत एवढं आहेच की राजा कधीतरी परत यावा, पण "लगेच नको" हे मान्य.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

माझं मत तेच आहे. पण एन्ट्रीची बाजू बदलली ते लक्षात राहील माझ्या.

---

इंदिरानगरकर (नाशिक)

विंगेतला, तुमची पोस्ट मी बाबांना आणि भाच्याला मोठ्याने वाचून दाखवली. बाबा मधेच उठून गॅलरीत गेले. भाचा म्हणाला मामा ह्यांना विचार की त्या मित्राच्या घरच्यांनी प्रयोग बघितला का. सांगावंसं वाटलं तरच सांगा, नाही तर राहू द्या.

---

विंगेतला

सांगतो ना. वडील नाही आले, त्यांना जमलं नाही. आई आली होती, मागच्या रांगेत कडेला बसली होती, आम्हाला माहीतही नव्हतं. प्रयोग संपल्यावर मेकअप काढत होतो तर आत आली. मला वाटलं आता रडेल आणि मग मलाही आवरणार नाही. तिने माझ्या हातातली काठी घेतली, बाजूला टेकवून ठेवली आणि म्हणाली, दुसऱ्या अंकात पत्राचं जे वाक्य आहे ना, ते तू गाळलंस.

खरंच गाळलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, दिग्दर्शकाच्याही नाही. तिला अख्खी संहिता पाठ होती, दोन महिने रोज रात्री स्वयंपाक करता करता समोरच्या सगळ्या भूमिकांची वाक्यं तीच त्याला द्यायची. आम्हाला हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही तेच नाटक दुसरीकडे केलं, मीच पोस्टमन, डावीकडूनच एन्ट्री. उजव्या विंगेत प्रॉम्प्टिंगची वही घेऊन ती बसली होती.